क्रेडिट कार्डाचं कर्ज : घेणाऱ्याचा दोष किती, देणाऱ्याचा किती?

रेवा_स :
घरात या विषयावर दोन तट पडलेत. इथे काही वेगळे मुद्दे मिळतील म्हणून धागा काढतेय.

जवळच्या नात्यातला एक मुलगा. नोकरी बरी, व्यसन नाही. एका कार्डाचं बिल दुसऱ्यावरून, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून असं करत करत थकबाकी वर्षाच्या पगाराच्या वर गेली. आता वसुलीवाले त्याच्या वडिलांना फोन करतात. वडील म्हणतात, "खर्च तू केलास, तूच फेड. बँकेनं हात धरून खरेदी करायला लावली नव्हती." आई म्हणते, "याचा पगार बँकेला माहीत होता, आधीचं देणं माहीत होतं. तरी मर्यादा वाढवत कोण गेलं?"

माझा कल वडिलांकडे आहे. सही केली की जबाबदारी आपली. पण आईच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलेलं नाही. ज्याला झेपणार नाही हे दिसतंय त्याला उधार द्यायचं आणि बुडालं की सगळा दोष त्याचाच, हे पटतं का तुम्हाला? की देणाऱ्यानंही काही भाग सोसावा?

कार्ड चोरीला जाणं, ओटीपीची फसवणूक वगैरे इथे नको. स्वतः केलेल्या, खऱ्या खर्चाबद्दलच बोलू.

जुना_हिशेबनीस :
घेतलं की फेडावं. बाकीचं तत्त्वज्ञान लोकांना बिल आल्यावर सुचतं.

टवाळखोर :
पहिल्याच प्रतिसादात निकाल! प्रशासक, धाग्याला कुलूप लावा.

अश्विनी_मो :
हिशेबनीस काका, थोडं थांबा. माझा आक्षेप खर्चाला नाहीच. बिलावर ती जी 'किमान देय रक्कम' असते, तिच्याबद्दल आहे.

समजा थकबाकी १,००,०००. व्याज महिना ३.५ टक्के, किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के, नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात व्याज ३,५००, बिल १,०३,५००, किमान ५,१७५. भरले. मुद्दल उतरलं किती? १,६७५. असंच एकही महिना न चुकवता भरत राहिलं तर थकबाकी निम्मी व्हायला ४१ महिने लागतात. तोवर सुमारे १,५४,००० भरून झालेले असतात आणि ५०,००० देणं उभंच असतं. यात करबिर धरलेले नाहीत.

बरं, हे कार्ड बंद करून कपाटात ठेवणाऱ्याचं गणित झालं. बहुतेक जण वापर चालूच ठेवतात. आणि मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. हे किती जणांना माहीत असतं?

या माणसानं बँकेनं सांगितलेली रक्कम, सांगितलेल्या तारखेला भरलेली आहे. त्याला बेजबाबदार कोणत्या तोंडानं म्हणायचं?

गोदाकाठची :
४१ महिने? दोनदा वाचलं.

जुना_हिशेबनीस :
गणित चोख आहे अश्विनीताई. पण ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याज चढत जाईल, असा इशारा प्रत्येक बिलावर ठळक छापायला रिझर्व्ह बँकेनंच सांगितलेलं आहे. २०२२ चे निर्देश काढून बघा. छापलेलं वाचायचं नाही आणि मग सांगितलं नाही म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

अश्विनी_मो :
"वर्षानुवर्षं" म्हणजे किती ते छापायला काय होतं? अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानं तेच करायला लावलं. तुमच्या आजच्या थकबाकीवर, फक्त किमान रक्कम भरलीत तर किती काळ लागेल, एकूण किती जातील, आणि ३६ महिन्यांत संपवायचं असेल तर दरमहा किती भरा, हे बिलावरच येतं. संगणकाला हे गणित करायला क्षणही लागत नाही. सावध करायचंच असेल तर आकडा घालून करा.

भटक्या_जीव :
अहो, गाडी बेफाम चालवून कोणी आपटला तर गाडी बनवणाऱ्याला धरता का? तसंच आहे हे.

माधवी_कु :
गाडीला ब्रेक लागतात की नाही हे तपासूनच विकावी लागते. पट्टा, वेगाची मर्यादा, परवाना, सगळं आहे. कार्डाला परवाना कोण देतं? विकणाराच!

भटक्या_जीव :
बरं, परवाना मुद्दा मान्य.

टवाळखोर :
मराठी संकेतस्थळाचा नियम : धाग्यावर गाडी आली की मूळ विषय गॅरेजमध्ये.

चौकस :
गाडी गॅरेजमध्येच राहू द्या, मी जरा मागे नेतो.

देणाऱ्याला जबाबदार धरायचं ही हल्लीची टूम नाही. या धंद्याची सुरुवातच तिथून आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना टपालानं कार्डं पाठवून दिली. कोणी मागितलेली नव्हती, अर्ज केलेला नव्हता. पाकीट उघडलं की वापरायला तयार कार्ड आणि त्यावर मर्यादा. बँकेचा अंदाज होता की ४ टक्क्यांच्या आसपास खाती थकतील. थकली २२ टक्के. बँकेला जबर तोटा झाला, पण ती मागे हटली नाही आणि पुढे त्याच कार्डाचं व्हिसा झालं. न मागता कार्ड पाठवायला तिकडे कायद्यानं बंदी आली ती १९७० मध्ये.

त्या २२ टक्क्यांना बेजबाबदार म्हणता येईल, हरकत नाही. पण न मागता हजारो घरांत उधारी टाकणाऱ्याला काय म्हणायचं? तो तोटा त्या वेळी बँकेनं सोसला आणि त्यातून शिकली ते काय, तर आधी माणूस बघून कार्ड द्यावं. म्हणजे तोटा सोसला की देणाऱ्यालाही शहाणपण येतं.

जुना_हिशेबनीस :
न मागता दिलेल्या कार्डाबद्दल माझा वाद नाही. ते चूकच. आपल्याकडेही बंदी आहे. संमतीशिवाय कार्ड चालू करून बिल पाठवलं तर बिल रद्द करून वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. पण रेवाताईंच्या नातेवाइकानं तिन्ही कार्डं स्वतः अर्ज करून घेतली असणार. फ्रेझ्नोशी त्याचा संबंध काय?

रेवा_स :
दोन स्वतः घेतली. तिसरं "तुम्ही आधीच मंजूर आहात" असा फोन आल्यावर. मर्यादा मात्र तिन्हींच्या फोन आल्यावरच वाढल्या.

फोनवरचा_आवाज :
बऱ्याच काळानं लॉगिन केलं, ते या वाक्यामुळे.

मी काही वर्षं एका बँकेच्या कार्डांसाठी फोनवर बसायचो. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) मर्यादा वाढवायच्या यादीत ढोबळमानानं दोन प्रकारची माणसं असत. पहिली, भरपूर वापरून दर महिन्याला पूर्ण बिल भरणारी. दुसरी, मर्यादेच्या काठाला टेकलेली पण किमान रक्कम कधी न चुकवणारी. पहिल्या प्रकारातले निम्मे लोक "नको, आहे ती पुरते" म्हणून फोन ठेवत. दुसऱ्या प्रकारात नकार क्वचितच यायचा. काही जण तर आभार मानायचे. त्या महिन्यात त्यांना कुठूनतरी पैसे उभे करायचेच असायचे आणि तेवढ्यात माझा फोन.

पडद्यावर पगार दिसायचा, पण कार्ड काढतानाचा. मधल्या काळात नोकरी गेली का, दुसरं कर्ज काढलं का, हे विचारायचा रकाना माझ्या समोर नव्हता. माझं टार्गेट होकारांवर होतं. ज्यानं हो म्हटलं तो पुढे फेडू शकला का, याचा माझ्या पगाराशी काहीच संबंध नव्हता.

जुना_हिशेबनीस :
प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. तरी विचारतो, "हो" कोण म्हणालं?

फोनवरचा_आवाज :
तोच म्हणाला काका. पण कोणाला आणि कधी विचारायचं, हे आमच्याकडे ठरायचं. त्याच्या वापराचा आलेख आमच्याकडे होता, आमचा हिशेब त्याच्याकडे नव्हता.

गोदाकाठची :
हा प्रतिसाद वाचून मर्यादा बघायला ॲप उघडलं. माझीही वाढलेली दिसतेय. मी कधी हो म्हटलं होतं?

अश्विनी_मो :
@गोदाकाठची, तपासा. स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. लेखी तक्रार करून पूर्ववत करून घ्या. आणि ॲपमध्ये वापराची मर्यादा स्वतःहून खाली आणायची सोय असते बहुधा, तीही बघा.

नकोसा_पाहुणा :
मी उलट बाजूनं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे.

देणाऱ्यानं तोटा सोसायचा असं ठरवलंत तर तो काय करेल? ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्यालाच कार्ड देईल. कमी पगाराचा, कंत्राटी कामाचा, पहिल्यांदा उधार मागणारा, हे सगळे बाहेर. त्यांची गरज थोडीच संपते? ते जातील फोनवरच्या झटपट कर्जवाल्याकडे नाहीतर खासगी सावकाराकडे. तिथे ना बिल येतं, ना इशारा. बँकेचं जाचक कर्ज वाईट, पण त्याच्या खाली आणखी एक मजला आहे.

दुसरं. मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो. बुडव्यांची माफी शेवटी माझ्या शुल्कातून वसूल होणार. माझा काय गुन्हा?

माधवी_कु :
पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसऱ्यावर मात्र हसू आलं. तुम्हाला जे पॉइंट, सवलती आणि महिना-दीड महिन्याची बिनव्याजी उधारी मिळते त्याचा खर्च अंशतः व्याज भरणाऱ्यांच्याच खिशातून निघतो. अमेरिकेतल्या कार्डधंद्यात दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला 'डेडबीट' म्हणायची रीत होती. म्हणजे फुकट्या! आदर्श ग्राहक कोण, तर थकबाकी पुढे ढकलत राहणारा, पण न बुडणारा. रेवाच्या नातेवाइकासारखा, अगदी परवापरवापर्यंत.

टवाळखोर :
म्हणजे पाहुणेबुवा, तुम्ही खरंच नकोसे पाहुणे आहात. आयडी सार्थ. (ह. घ्या.)

नकोसा_पाहुणा :
घेतलं हलकेच :)

शुभदा_व :
धाग्यावर सगळे "खरेदी, खरेदी" म्हणताहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे कार्डाचं देणं झालं ते वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे. विम्याचे पैसे मिळायला वेळ लागला, रुग्णालयाला आगाऊ रक्कम लगेच हवी होती. त्या रात्री कार्ड नसतं तर काय केलं असतं, माहीत नाही. ते देणं पुढे बरेच महिने डोक्यावर होतं. कोणी माफ करावं अशी अपेक्षा नव्हती. पण मी तिसऱ्या महिन्यात स्वतःहून फोन करून "याचे कमी व्याजाचे हप्ते करून द्या" म्हटलं, तर उत्तर आलं की खातं नियमित असल्यामुळे ती सोय तुम्हाला लागू नाही. आधी थकवा, मग बोलू! यातली जबाबदारी कोणाची धरायची ते काकांनी सांगावं.

जुना_हिशेबनीस :
शुभदाताई, ही निव्वळ मूर्खपणाची वागणूक आहे. वेळेवर भरणाऱ्याला शिक्षा, थकवणाऱ्याला सवलत. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूनं.

चौकस :
शुभदा यांच्या अनुभवावरून आठवलं. इंग्लंडमध्ये तिथल्या वित्त नियामकानं २०१८ मध्ये नेमका हाच प्रकार पकडला. अठरा महिन्यांत ग्राहकानं मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कातच जास्त पैसे भरले असतील, तर कार्ड कंपनीनं गप्प बसायचं नाही. त्याला कळवायचं, जास्त भरायला सुचवायचं. पुढचे अठरा महिनेही तेच चाललं, तर ठरावीक मुदतीत कर्ज संपेल अशी योजना समोर ठेवायची. तीही झेपत नसेल तर व्याज कमी करणं किंवा सोडणं असा दिलासा द्यायचा. ग्राहक एकही तारीख चुकलेला नसला तरी! अश्विनी यांच्या उदाहरणातला माणूस अठरा महिने भरले की या नियमात बसतोच. पहिल्याच ५,१७५ मधले ३,५०० व्याजाचे.

म्हणजे कर्ज त्याचंच राहतं. तो वर्षानुवर्षं त्यात फिरत राहिला तर मात्र जाब देणाऱ्याला विचारतात.

आडवा_प्रश्न :
आपल्याकडे तर दामदुपट होतंच की! व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंग्रजांच्या न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात ते मानलं होतं. लोकांना वाटतं देणाऱ्यावर बंधन ही परदेशी कल्पना आहे.

जुना_हिशेबनीस :
अर्धं बरोबर. दामदुपट एका वेळी मागता येणाऱ्या थकलेल्या व्याजाला होतं. दर महिन्याला भरून टाकलेलं व्याज त्यात मोजत नसत. त्यामुळे अश्विनीताईंच्या माणसाला दामदुपटीचा काही उपयोग झाला नसता. नियमित भरणारा तिथेही अडकलेलाच.

आडवा_प्रश्न :
दंडवत काका. हे माहीत नव्हतं. पण मग १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा घ्या. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगे झाले, सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतरच्या या कायद्यानं न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मुळात दिले किती, व्याज लावलं किती, हे उकरायची मुभा दिली. सही आहे, विषय संपला, असं म्हणायची सोय सावकाराला उरली नाही. काका, तुमचा पहिला प्रतिसाद १८७९ मध्येच बाद झालाय!

जुना_हिशेबनीस :
हा हा! हे लागलं. पण एक फरक बघा. त्या शेतकऱ्याला रोखा वाचता येत नव्हता. रेवाताईंच्या मुलाला येतो.

रस्त्याकडेचा :
रच्याकने, वाचता येण्यानंच घोळ होतो असंही आहे. वॉरिक विद्यापीठातल्या नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काल्पनिक बिल दाखवून किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली, काहींच्या नाही. पूर्ण बिल भरणाऱ्यांना त्यानं फरक पडला नाही. पण थोडे थोडे भरणाऱ्यांमध्ये, किमान आकडा दिसलेल्या लोकांनी बरेच कमी भरायची तयारी दाखवली. म्हणजे तो आकडा बघून लोक खाली घसरतात. ग्राहकाचं रक्षण म्हणून ठेवलेली ओळ!

आणि कार्ड हातात असलं की बोली चढते, हेही दिसलेलं आहे. २००१ मध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. कार्डानं पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली.

टवाळखोर :
म्हणून मी लग्नाच्या खरेदीला पाकीट रिकामं आणि कार्ड घरी ठेवून गेलो. बायकोचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. प्रयोग फसला.

माधवी_कु :
मूळ प्रश्नाकडे येऊ या का?

या कर्जाला तारण नाही, म्हणून जोखीम जास्त, म्हणून व्याज जास्त, असं बँका सांगतात. ठीक आहे. पण मग काही जण बुडणार हे त्या व्याजात धरलेलंच आहे की. जोखमीचं भाडं आधी घ्यायचं आणि जोखीम खरी ठरली की त्या माणसाच्या बापाला फोन करून लाज काढायची, हे दोन्ही कसं चालेल? आणि व्याजाला वरून छतही नाही. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नको म्हटलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

नकोसा_पाहुणा :
व्याजात धरलेलं असतं ते सगळ्या ग्राहकांचं मिळून. त्यावरून कोणा एकाला न फेडायचा हक्क मिळत नाही. मला वाटतं न्यायालयाचा निर्णय बरोबरच आहे, दर किती हे ठरवणं नियामकाचं काम. आणि नियामक झोपलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डथकबाकीवरचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला, म्हणजे अशा कर्जामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागतं. देणाऱ्यानं काही भाग सोसावा असं रेवा म्हणताहेत, त्याचा हा एक मार्ग झाला. माफीपेक्षा मला हा जास्त आवडतो. देण्याआधी बँकेचा हात आखडतो.

माधवी_कु :
माफी मी मागितलीच नव्हती. पण हा मार्ग मलाही चालेल.

जुना_हिशेबनीस :
आता माझं नेमकं म्हणणं सांगतो, मग झोपायला जातो. खर्च केला तेवढं मुद्दल त्या मुलानं फेडायचं. त्यात एक पैशाची सूट नको. शक्यच नसेल तर दिवाळखोरी वगैरे वेगळा विषय. पण पगार न विचारता, मर्यादेला टेकलेला दिसत असताना जी वाढ दिली, त्या वाढीव रकमेवरचं व्याज बँकेनं हक्कानं मागावं असं मला आज सकाळी वाटत होतं, आता वाटत नाही. फोनवरचा_आवाज यांच्या त्या रकान्यानं मत बदललं. विचारलंच नाही, तर "त्यानं सांगितलं नाही" म्हणता येत नाही.

भटक्या_जीव :
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. काकांचं मत बदललं!

रेवा_स :
सगळ्यांचे आभार. इतकं येईल वाटलं नव्हतं.

आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणायला हरकत नाही, निदान मला काय म्हणायचं ते कळलं. त्याचा खर्च त्याचाच. पण मर्यादा वाढली त्या तारखा आणि त्या वेळची थकबाकी आम्ही आज कागदावर काढतोय, बँकेला लेखी विचारायला. वडील अजून "कशाला नसती भांडणं" म्हणताहेत. फेडायचं आहेच, त्याबद्दल घरात वाद नाही. वडिलांना येणाऱ्या फोनांचं काय करायचं?

अश्विनी_मो :
वसुलीसाठी कर्जदारालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा किंवा लाज काढायची नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. तक्रार बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा, उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बँकेनं तडजोडीची रक्कम (थोडं कमी घेऊन खातं मिटवायची) सुचवली तर लगेच हो म्हणू नका, पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढच्या कर्जाला आडवा येतो. त्याआधी कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून तिन्ही कार्डं मोकळी होतात का बघा. आणि मोकळी झाली की किमान दोन बंद करा, नाहीतर वर्षभरात कर्जही आणि कार्डंही!

रेवा_स :
कर्ज मिळणं कठीण दिसतंय. नाही मिळालं तर तीनपैकी आधी कुठलं फेडायचं?

शुभदा_व :
सगळ्यात लहान रकमेचं. एक तरी संपलं की जीवात जीव येतो. स्वानुभव.

नकोसा_पाहुणा :
तीव्र असहमत. ज्याचं व्याज जास्त ते आधी. बाकी दोघांचं किमान भरायचं आणि उरलेलं सगळं त्यात.

शुभदा_व :
कागदावर तुमचं बरोबर. पण रोज तीन ठिकाणचे फोन घ्या आणि मग बोला.

अश्विनी_मो :
भांडू नका, आकड्यांशिवाय दोन्ही हवेतलं आहे. रेवा, नाव-नंबर झाकून तिन्ही बिलांवरची थकबाकी, महिन्याचा दर आणि तो महिन्याला एकूण किती काढू शकतो तेवढं इथे टाक. दोन्ही पद्धतींचा तक्ता करून देते, किती महिन्यांचा आणि किती पैशांचा फरक पडतो ते दिसेल.